लांबट कुशन हिऱ्याच्या पैलूकामाची परीक्षा : ‘नासक’ हिऱ्याच्या निमित्ताने

नाशिकचे नाव धारण करणारा जो हिरा जगातील नामांकित रत्नांत गणला जातो, तो आज नाशिकात नाही आणि ज्या रूपात तो येथून गेला त्या रूपात तो कोठेच उरलेला नाही. इंग्रजी ग्रंथांत ‘नासक’ या नावाने नोंदला गेलेला हा गोवळकोंड्याचा हिरा त्र्यंबकेश्वराच्या देवस्थानात होता असे परंपरा सांगते. तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाच्या अखेरीस तो दुसऱ्या बाजीरावाकडून कर्नल ब्रिग्ज यांच्या व त्यांच्यामार्फत मार्क्विस ऑफ हेस्टिंग्ज यांच्या हाती गेला आणि १८१८ मध्ये लंडनच्या रंडेल अँड ब्रिज या पेढीने तो विकत घेतला. त्या वेळी त्याचे वजन सुमारे ९० जुने कॅरट होते. पेढीने तो पुन्हा घासून घेतला, तेव्हा साडेअठ्ठ्याहत्तर कॅरटांहून किंचित अधिक, म्हणजे आजच्या मेट्रिक मापाने ८०.५९ कॅरट, वजन उरले. पुढे वेस्टमिन्स्टरच्या मार्क्विसच्या तलवारीच्या मुठीत तो बसविला गेला. १९४० मध्ये न्यूयॉर्कचे जवाहिरे हॅरी विन्स्टन यांनी तो पॅरिसमध्ये खरेदी केला आणि तिसऱ्यांदा पैलू पाडून आयताकृती ‘एमराल्ड’ घाटाचा केला. त्याचे आजचे वजन ४३.३८ कॅरट आहे.

या तीन आकड्यांत हिऱ्याच्या पैलूकामाचा सारा वाद साठविलेला आहे. १८१८ मध्ये लंडनच्या कारागिराने मूळच्या हिंदी कारागिराच्या रेषांना शक्य तितके धरून काम केले आणि सुमारे आठवा हिस्सा गमावला. १९४० मध्ये विन्स्टन यांनी शेकडा ४६ भाग चूर्णरूपाने जाऊ दिला. पहिल्याने वजन राखले, दुसऱ्याने प्रकाश मिळविला. दोघांपैकी कोणाचे बरोबर, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाला जितका महत्त्वाचा तितकाच तो आज सराफाच्या पेढीवर बसून एखादा लांबट हिरा हातात घेणाऱ्या ग्राहकालाही महत्त्वाचा आहे. कारण त्या ग्राहकासमोर ठेवलेल्या लहानशा खड्यातही कारागिराने हाच निर्णय कधीतरी घेतलेला असतो, आणि त्याची किंमत मात्र ग्राहक मोजतो.

हिंदुस्थानातील जुनी रत्नपरीक्षा वजनाच्या बाजूची होती, असे ढोबळ मानाने म्हणता येईल. बुद्धभट्टाच्या ‘रत्नपरीक्षे’सारख्या ग्रंथांत उत्तम वज्राचे वर्णन येते ते सहा कोटी, आठ पृष्ठे व बारा धारा असलेल्या, म्हणजे निसर्गतःच अष्टफलक असलेल्या स्फटिकाचे. तेथे सौंदर्य घडवावयाचे नसून ओळखावयाचे असते. सतराव्या शतकात खाणींवर प्रत्यक्ष जाऊन आलेला फ्रेंच व्यापारी ताव्हर्निये याने लिहून ठेवले आहे की, खडा निर्मळ असेल तर येथील कारागीर त्यावरून चाक नुसते फिरवून घेतात, वजन घटेल या भयाने त्याला आकार देण्याच्या भरीस पडत नाहीत. आणि खड्यात दोष असेल तर तो झाकण्यासाठी त्यावर लहान लहान पैलूंची दाटी करतात. यातील दुसरे वाक्य विशेष ध्यानात ठेवण्यासारखे आहे. पैलूंची संख्या वाढली म्हणजे काम चांगले झाले, ही समजूत आजही बाजारात आहे आणि ती तेव्हाइतकीच फसवी आहे. उलट टोकाचे उदाहरणही ताव्हर्नियेनेच दिले आहे. ‘ग्रेट मोगल’ हिरा घासणाऱ्या व्हेनिसच्या बोर्जिओने मोठा खडा फोडून त्याचे तुकडे काढण्याऐवजी तो घासून घासून संपविला, म्हणून त्याला मजुरी तर मिळाली नाहीच, वर दहा हजार रुपये दंड झाला. वजन गमावले म्हणजे आपोआप सौंदर्य येते, असेही नाही.

व्यापारात ज्याला ‘कुशन’ म्हणतात तो घाट या वादाच्या मधोमध उभा आहे. उशीसारख्या गोलसर कडा व मऊ झालेले चार कोपरे, असे त्याचे रूप. त्याचा उगम स्फटिकाच्या रचनेतच आहे. हिऱ्याचा अष्टफलक मध्यावर आडवा छेदला तर छेद चौरस येतो. त्याचे कोपरे थोडे गोल केले की कमीत कमी नुकसानीत पैलूदार खडा तयार होतो. अठराव्या व एकोणिसाव्या शतकांतील ‘ओल्ड माइन’ घाट तो हाच. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यांत्रिक करवत आणि खडा फिरवून गोल करण्याची यंत्रे आली, तेव्हा संपूर्ण गोल घाट सुलभ झाला आणि १९१९ मध्ये मार्सेल टॉल्कोव्हस्की याने गोल हिऱ्याच्या कोनांचे गणित मांडून त्याला शास्त्रीय अधिष्ठान दिले. कुशन घाट मागे पडला, पण नाहीसा झाला नाही. आणि अलीकडे त्याचा लांबट प्रकार, म्हणजे ज्याची लांबी रुंदीच्या सव्वापट किंवा त्याच्या आसपास आहे असा, अंगठीत बोटाच्या दिशेने बसविण्यासाठी आवडीने घेतला जाऊ लागला आहे. बोट लांबसडक दिसते हे त्याचे एक कारण सांगतात. कच्चा खडा लांबोळा असेल तर त्यातून असा घाट काढताना वजन अधिक वाचते, हे दुसरे कारण सहसा सांगितले जात नाही.

हिऱ्याच्या अंगांची नावे येथे निश्चित करून घेतली पाहिजेत. खड्याच्या कडेभोवतीचा पट्टा म्हणजे मेखला. तिच्या वरचा भाग मुकुट, खालचा निमुळता होत जाणारा भाग तळ. सुरतेच्या घंटीवर बसणारे कारागीर यांनाच मथाळे आणि तळिये म्हणतात. मुकुटाच्या माथ्यावरचा मोठा सपाट पैलू तो टेबल. प्रकाश बव्हंशी टेबलातून व मुकुटाच्या उतारांतून आत शिरतो, तळाच्या पैलूंवर दोनदा आपटतो आणि वरच्या बाजूने परत येतो. निदान, तसे व्हावे अशी अपेक्षा असते.

ही अपेक्षा कधी पुरी होते हे हिऱ्याच्या वक्रीभवनांकावर ठरते. तो २.४१७ आहे, त्यावरून क्रांतिक कोन सुमारे २४.४ अंश येतो. हिऱ्याच्या आतून एखाद्या पैलूवर पडणारा किरण त्या पैलूच्या लंबाशी याहून मोठा कोन करीत असेल तर त्याचे पूर्ण आंतरिक परावर्तन होते. लहान कोन करीत असेल तर तो बाहेर निसटतो. आता डोळा खड्याच्या बरोबर वर आहे आणि दृष्टिरेषा टेबलातून सरळ खाली उतरते असे समजू. प्रकाशाचा मार्ग उलटसुलट सारखाच असल्यामुळे ही रेषा ज्या दिशेने शेवटी बाहेर पडेल त्या दिशेचा प्रकाश डोळ्यास दिसेल. तळाच्या पैलूचा क्षैतिज पातळीशी असलेला कोन ‘क’ मानला, तर पहिल्या पैलूवरील आपाती कोन ‘क’ इतकाच, समोरच्या पैलूवरील १८० वजा ३क आणि टेबलाकडे परतताना तो १८० वजा ४क इतका येतो. गोल हिऱ्यासाठी टॉल्कोव्हस्कीने दिलेला तळकोन ४०.७५ अंशांचा आहे. त्यात हे आकडे अनुक्रमे सुमारे ४१, ५८ व १७ अंश येतात. पहिले दोन क्रांतिक कोनाहून मोठे, म्हणून प्रकाश निसटत नाही; तिसरा लहान, म्हणून तो बाहेर येतो, आणि वक्रीभवनाने वळून लंबापासून सुमारे ४५ अंशांवर जातो. म्हणजे डोळ्याला दिसतो तो खोलीतील अर्ध्या उंचीवरचा, खिडकीचा किंवा भिंतीचा प्रकाश. हिरा उजळ दिसतो तो यामुळे.

लांबट घाटात अडचण येते ती येथे. गोल खड्याला सर्व दिशांनी व्यास एकच असतो; लांबट खड्याला तळाची खोली एक आणि अर्धव्यास दोन. उदाहरणादाखल ७ मिलिमीटर रुंद व ८.७५ मिलिमीटर लांब असा खडा घेऊ. तळाची खोली ३ मिलिमीटर ठेवली आणि उतार सरळ धरले, तर रुंदीच्या दिशेने तळकोन ४०.६ अंश येतो आणि तो उत्तम आहे; परंतु लांबीच्या दिशेने तो ३४.४ अंशांवर घसरतो. तेथे टेबलाखालून परतणारा किरण टेबलावर ४२ अंशांनी आपटतो आणि बाहेर पडूच शकत नाही. पुन्हा आत फेकला जातो. मुकुटाचा उतार वाटेत भेटला तरच त्याला वाट मिळते, आणि म्हणूनच चपट्या मुकुटाच्या लांबट खड्याची टोके निस्तेज दिसतात. आता टोके सुधारण्यासाठी तळ खोल करून ३.७५ मिलिमीटर केला, तर लांबीचा कोन ४०.६ वर येतो, पण रुंदीचा ४७ अंशांवर चढतो. त्यात परतणारा प्रकाश लंबापासून केवळ २० अंशांवरचा असतो, म्हणजे पाहणाऱ्याच्या डोक्याच्या कडेलगतचा. मग सामान्य बुद्धी सांगते की मध्यममार्ग धरावा. तळ ३.५ मिलिमीटर ठेवला तर रुंदीचा कोन नेमका ४५ अंश होतो. या कोनात दृष्टिरेषा जशी गेली तशीच सरळ परत येते. म्हणजे खड्याच्या मध्यावर आडव्या दिशेने पाहणाऱ्याला दिसते ते त्याचे स्वतःचेच डोके, आणि डोके प्रकाश देत नाही. शिवाय लांबीच्या दिशेला कोन ३८.७ अंश, टेबलावरचा आपात २५ अंश, म्हणजे क्रांतिक कोनाच्या किंचित पलीकडे. मध्यममार्गाने दोन्हीकडचे गमावले.

गळ्याला बांधण्याच्या बो-टायसारखी जी काळी आकृती लांबट हिऱ्याच्या मध्यावर आडवी दिसते आणि जिला व्यापारात त्याच नावाने ओळखतात, तिची उत्पत्ती ही अशी आहे. तो दगडातील डाग नव्हे, तळातून प्रकाश निसटल्याची खूणही बहुधा नव्हे. पाहणाऱ्याने स्वतः अडविलेल्या प्रकाशाची ती सावली होय. हे एकदा समजले की परीक्षेची रीतही आपोआप ठरते. खडा डोळ्याजवळ आणला की डोके अधिक जागा व्यापते आणि बो-टाय गडद होतो; हातभर दूर नेला की ते आक्रसते. डोळ्यापासून ३० सेंटिमीटरांवर असलेल्या खड्याला डोके सुमारे १७ अंशांपर्यंतचा प्रकाश अडविते, ६० सेंटिमीटरांवर त्याच्या निम्मा. म्हणून दोन्ही अंतरांवरून पाहावे. जवळून दिसणारी व दूर नेल्यावर विरणारी फिकट सावली स्वीकारण्यास हरकत नाही, किंबहुना ती पूर्णपणे नसलेला लांबट खडा विरळाच. थोड्या सावलीमुळे उजळ भाग उठून दिसतात असेही रसिक म्हणतात. परंतु हातभर अंतरावर, खडा डावी-उजवीकडे झुलवूनही जी पट्टी जागची हलत नाही ती घातक समजावी. अंगठी बहुतेक वेळा त्याच अंतरावरून पाहिली जाते.

वरील गणितात उतार सरळ धरले आहेत. प्रत्यक्षात कुशल कारागीर तसे करीत नाही. तो तळाचे पैलू दोन-तीन थरांत मोडतो, टोकांकडील पैलू किंचित वळवून प्रकाश सरळ समोर न पाठविता तिरपा पाठवितो आणि रुंदीच्या मध्यावर एकच मोठा पैलू ठेवण्याचे टाळतो. दोन खड्यांची लांबी, रुंदी व खोली दशांशापर्यंत सारखी असूनही एक झळाळतो व दुसरा मरगळलेला दिसतो, याचे कारण या मोडणीत असते आणि ती मोडणी कोणत्याही प्रमाणपत्रावरील आकड्यांत उतरत नाही. गोल हिऱ्याच्या घाटाला अमेरिकेतील जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट २००६ पासून श्रेणी देते. कुशनसाठी अशी सर्वमान्य एकच श्रेणीपद्धती रूढ झालेली नाही. प्रमाणपत्रावर झिलई आणि सममिती यांना ‘उत्कृष्ट’ असा शेरा असतो व ग्राहक त्यावरून घाटच उत्कृष्ट असल्याचे समजतो. वस्तुतः ते शेरे पैलू किती गुळगुळीत आहेत व नीट जुळले आहेत एवढेच सांगतात. ते योग्य कोनात आहेत की नाहीत याविषयी ते मौन बाळगतात. चुकीच्या कोनाचे पैलूही अत्यंत सममित असू शकतात.

पैलूंच्या मांडणीवरून कुशनचे दोन स्वभाव पडतात आणि खरेदीपूर्वी आपणास कोणता हवा हे ठरविणे इष्ट. एकात तळाचे पैलू थोडे व रुंद असतात. त्यात प्रकाशाचे मोठे, स्पष्ट ठोकळे दिसतात, ते आलटूनपालटून उजळतात व काळवंडतात, आणि हिऱ्याच्या ०.०४४ इतक्या अपस्करणामुळे फुटणारे रंग डोळ्यांना सुटे दिसतात. जुन्या ओल्ड माइन खड्यांची दिवाणखान्यातील मेणबत्तीच्या उजेडात खुलणारी शोभा या जातीची. दुसऱ्यात तळाला पैलूंची एक ओळ अधिक घातलेली असते. प्रमाणपत्रावर त्याला ‘कुशन मॉडिफाइड ब्रिलियंट’ म्हणतात. त्यात प्रतिबिंबे इतकी बारीक होतात की खडा कुटलेल्या बर्फासारखा लुकलुकतो. या बारीक चुऱ्यात बो-टाय विखुरतो, लहान दोष लपतात आणि तळ फुगीर ठेवता येत असल्यामुळे वजनही राहते. ताव्हर्नियेचे वाक्य येथे पुन्हा आठवावे. तथापि हा प्रकार सर्वस्वी त्याज्य म्हणणे अन्यायाचे होईल. पिवळ्या हिऱ्यांत प्रकाशाने आत अधिक वाट चालावी आणि रंग गडद दिसावा असा मुद्दाम हेतू असतो; २८७ कॅरटांच्या कच्च्या खड्यातून काढलेल्या १२८.५४ कॅरटांच्या प्रसिद्ध पिवळ्या ‘टिफनी’ कुशनला ८२ पैलू आहेत ते काही लपविण्यासाठी नव्हेत. परंतु जो गुण पिवळ्या खड्यात हवासा, तोच जवळजवळ रंगहीन खड्यात नकोसा होतो. बारीक पैलूंच्या कुशनमध्ये अंगचा पिवळेपणा गोल हिऱ्याहून अधिक जाणवतो. म्हणून त्यात रंगाची श्रेणी एकदोन पायऱ्या वरची घ्यावी, हा अनुभवी जवाहिऱ्यांचा सल्ला योग्य आहे.

आकड्यांना मग काहीच किंमत नाही काय? आहे, पण ती चाळणीची, तराजूची नव्हे. येथे नाशिकच्या सराफ बाजारासारख्या जुन्या पेठेत वाढलेल्या ग्राहकाची एक सवय आड येते. सोन्याच्या व्यवहारात कस आणि वजन कळले की मोल कळले. दागिना कोणत्याही आकाराचा असो, वितळविल्यावर तो तेवढाच भरतो. हिरा वितळवीत नाहीत. त्याचे वजन कोठे आहे याला महत्त्व आहे, आणि लांबट कुशनमध्ये वजन लपविण्याच्या जागा पुष्कळ आहेत: फुगीर तळ, जाड मेखला, भरीव कोपरे. खोलीचे शेकडा प्रमाण रुंदीवर काढतात, लांबीवर नव्हे; ही गोष्ट माहीत नसल्यास प्रमाणपत्र उलटे वाचले जाते. साधारणतः शेकडा ६० ते ६८ खोलीच्या खड्यांतून निवड सुरू करावी. दोन खडे सारख्या वजनाचे, सारख्या घडणीचे, पण एकाची खोली ६२ व दुसऱ्याची ७२ असेल, तर घनमुळाच्या हिशेबाने दुसऱ्याची रुंदी जवळजवळ शेकडा ५ ने व वरून दिसणारे क्षेत्रफळ साडेनऊने कमी भरते. ग्राहकाने पैसे दिले ते पूर्ण वजनाचे. दिसतो तो मात्र दशांशाने लहान हिरा. उरलेला कोंदणात खाली दडलेला असतो. म्हणून वजनाच्या आधी लांबी व रुंदी मिलिमीटरांत विचारावी.

उथळपणाही तितकाच बाधतो. कोहिनूर १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात लोकांना निस्तेज वाटला, म्हणून १८५२ मध्ये ॲमस्टरडॅमच्या कारागिरांकडून लंडनमध्ये तो घासविला गेला आणि सुमारे १९० मेट्रिक कॅरटांवरून १०५.६ वर आला. इतके गमावूनही त्याचे माप सुमारे ३.६ बाय ३.२ सेंटिमीटर व खोली अवघी १.३ सेंटिमीटर, म्हणजे रुंदीच्या शेकडा ४१ इतकीच राहिली. मूळचा खडाच चपटा; मोठा चेहरा राखावयाचा तर खोली आणणार कोठून? आजच्या कसोटीने त्याचा घाट उथळच म्हणावा लागेल. त्याच्या तुलनेत कुशन घाटाचा होप हिरा पाहावा. तो २५.६० मिलिमीटर लांब, २१.७८ रुंद आणि १२ खोल आहे. लांबी-रुंदीचे प्रमाण १.१८ आणि खोली शेकडा ५५. तोही उथळाकडे झुकणाराच, पण गडद निळ्या खड्यात प्रकाशाची वाट फार लांबविली तर तो काळा दिसू लागतो. खोलीचा आकडा असा रंगासह व आकारासह वाचावा लागतो.

बाह्यरेषेविषयी थोडे. लांबी-रुंदीचे १.१५ ते १.३० हे प्रमाण लांबट कुशनला शोभते. त्याहून कमी असल्यास खडा धड चौरसही वाटत नाही व लांबटही नाही, आणि अधिक असल्यास वरचे कोनांचे भांडण विकोपाला जाते. खडा पांढऱ्या कागदावर ठेवून वरून पाहिल्यास चारही कोपऱ्यांची गोलाई सारखी आहे काय, समोरासमोरच्या बाजू सारख्याच फुगल्या आहेत काय, हे भिंगाशिवायही कळते. एक खांदा पडलेला कुशन कोंदणात बसविल्यावर अधिकच वाकडा दिसतो. कोपऱ्यांशी मेखला फार पातळ असेल तर कोंदणाच्या नख्या दाबताना तेथे टवका उडण्याचा संभव असतो. फार जाड असेल तर तेथे वजन साठले आहे.

दुकानातील प्रकाश हा स्वतंत्र विषय आहे. छतावरून सोडलेल्या अनेक लहान, प्रखर दिव्यांखाली काचेचा तुकडाही चमकतो. तेथे दिसते ती दिव्यांची संख्या, पैलूंची गुणवत्ता नव्हे. खडा दारापाशी, आडोशाच्या नैसर्गिक उजेडात न्यावा. चांगला सराफ त्यास ना म्हणत नाही. तेथे टोके जिवंत राहतात की विझतात हे पाहावे. मग छापील कागदावर खडा टेबल वर करून ठेवावा: टेबलाखाली अक्षरांच्या काळ्या खुणा किंवा कागदाचा पांढरेपणा सरळ दिसू लागला तर तळातून प्रकाश निसटतो आहे. यानंतर खडा थोडा थोडा कलवावा. दहा-पंधरा अंश कलविताच मध्यभागी खिडकी उघडल्यासारखी पारदर्शक जागा दिसते काय, हे उभ्या व आडव्या अशा दोन्ही अक्षांवर स्वतंत्रपणे तपासावे, कारण गोल खड्यात जी कसोटी एकदा घ्यावयाची ती लांबट खड्यात दोनदा घ्यावी लागते. एकट्या खड्याची परीक्षा करू नये. जवळपास त्याच वजनाचे तीन-चार खडे एकाच ताटात मांडले की जो डोळा एका खड्यात दोष शोधू शकत नाही, तोच डोळा काही क्षणांत त्यांचा क्रम लावतो.

हे दोष दिसूनही व्यापारात असे खडे का येतात, याचे उत्तर किमतीच्या पायऱ्यांत आहे. प्रतिकॅरट दर पूर्ण कॅरटाच्या आकड्यापाशी एकदम चढतो. ज्या कच्च्या खड्यातून १.९० कॅरटांचा उत्तम किंवा २.०३ कॅरटांचा मध्यम कुशन निघू शकतो, त्याचा मालक बहुधा दुसरा पर्याय पत्करतो. म्हणून पूर्णांकाच्या किंचित वर असलेले वजन दिसले की मेखला व तळ अधिक बारकाईने पाहावा. आणि किंचित खाली असलेला खडा समोर आला तर त्याला आधी संधी द्यावी, कारण तेथे कारागिराने काहीतरी सोडून दिलेले असते. प्रयोगशाळेत वाढविलेल्या हिऱ्यांत कच्चा माल स्वस्त असल्याने वजन धरून ठेवण्याचे दडपण कमी असावयास हवे. त्यांचा वक्रीभवनांक व अपस्करण खाणीतील हिऱ्यासारखेच असल्यामुळे वरील सर्व कसोट्या त्यांनाही जशाच्या तशा लागू पडतात. तेथे बो-टाय असलेला खडा घेण्यास तर सबबच उरत नाही.

कधी कधी विक्रेता सुचवितो की दोष असेल तर पुढे पुन्हा घासून घेता येईल. येते, पण हिशेब आधी करावा. २.०३ कॅरटांच्या खड्याचा तळ सुधारताना शेकडा ५ भाग गेला तरी वजन १.९३ वर येते, म्हणजे दराची एक संपूर्ण पायरी गेली. घासणावळ, नवे प्रमाणपत्र आणि काम चालू असता खडा तडकण्याची जोखीम वेगळी. विन्स्टन यांनी नाशिकच्या हिऱ्यातून ३७ कॅरट उडवून दिले तेव्हा उरलेल्या ४३ कॅरटांच्या निर्दोष खड्याला जगात गिऱ्हाईक होते, आणि १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्याला ५ लाख डॉलर आले. दोन कॅरटांच्या खड्याला तसे नाव नसते. त्याच्या बाबतीत घासण्याचा खर्च विक्रेत्याने किमतीतून आधीच वजा करून द्यावा, आणि नसेल देत तर ताटातील पुढचा खडा उचलावा.